खालून वर जाणारा बाण

सकाळी आठ वाजता ताईने खिडकीचा पडदा सरकवला, ओल्या फडक्याने पांढरा फळा पुसला आणि वरच्या टोकाला पहिला चौकोन काढला: ‘औषधवाटप’. त्याखाली तीन, त्या तिन्हींखाली सात. रुग्णालयासाठी तिच्या कंपनीने बनवलेल्या सॉफ्टवेअरचा आराखडा ती दर सोमवारी असा हाताने नव्याने काढत असे. चौकोन म्हणजे कामाचा एकेक विभाग. बाण म्हणजे कोण कोणावर विसंबून आहे. नियम एकच होता. बाण वरून खाली जायचा. वरच्याने खालच्याला काम सांगायचे. खालच्याने वरच्याच्या तोंडाकडे पाहत बसायचे नाही.

नऊ वर्षांत तिचा हात कधी अडखळला नव्हता. आज मात्र अकराला रुग्णालयाकडून नव्या आवृत्तीवर सही करायला येणार होते, म्हणून तिने मूळ प्रोग्राम शेजारच्या संगणकावर उघडून ठेवला आणि एकेक बाण पडताळत ती खाली आली. सर्वांत खालच्या ‘मात्रा’पाशी पेन थांबले. औषध किती द्यायचे हे ठरवणारा हा विभाग, उत्तर देण्याआधी वरच्या ‘चिठ्ठी छपाई’ची वाट पाहत होता. तो तिनेच लिहिला होता, पहिल्या वर्षी, घाईगर्दीत. आणि दर सोमवारी ती आराखडा काढत आली होती तो प्रोग्रामवरून नव्हे, मागच्या सोमवारचा आराखडा आठवून.

तिचे विभागप्रमुख चहाचा कप घेऊन आत आले. कधीकाळी शिकवत असत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

“वा ताई, काय देखणं उतरलंय! दृष्ट लागेल.”

“लागलीच आहे. हे बघा.”

मास्तरांनी संगणकाच्या पडद्यावरच्या ओळी दोनदा वाचल्या.

“नऊ वर्षं कुणाची तक्रार आली का? उद्या नवी आवृत्ती द्यायचीय. आज हे दाखवलंस तर सही विसर. पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त कर की.”

“गुपचूपच तर राहिलं होतं, मास्तर.”

“हट्टी आहेस.”

“शिकवलं कुणी?”

तिने लाल पेन उचलले आणि ‘मात्रा’पासून ‘चिठ्ठी छपाई’पर्यंत ठसठशीत बाण काढला. सगळ्या काळ्या बाणांत तो एकटाच वर निघाला होता.

अकराला रुग्णालयाच्या औषधविभागाच्या मुख्य बाई आल्या, अंगातला पांढरा कोट न काढताच. फळ्यापुढे उभ्या राहून त्यांनी थेट लाल बाणावर बोट ठेवले.

“हा उलटा का?”

“माझी चूक आहे ती. चिठ्ठी छापून झाल्याशिवाय मात्रा पडद्यावर येत नाही.”

बाईंनी कोटाच्या खिशातून छपाईच्या कागदाची एक गुंडाळी काढून टेबलावर ठेवली.

“अगं बाई, म्हणून होय! आम्ही म्हणायचो, यंत्र रुसतं. कागद संपला की मात्रा गायब. म्हणून प्रत्येकीच्या खिशात ही असतेच. नवीन कुणी आली की पहिल्या दिवशी हेच शिकवतो.”

“आणि एखादीच्या खिशात नसली तर?”

“मग काय, आठवेल तेवढी मात्रा देतो. रांग थांबते थोडीच?”

मागे उभ्या मास्तरांनी ओठांपर्यंत नेलेला चहाचा दुसरा कप खाली ठेवला.

फळ्याच्या कोपऱ्यात नव्या आवृत्तीसाठी उद्याची तारीख लिहिलेली होती. ताईने ती तळहाताच्या कडेने पुसली, लाल बाणाशेजारी आपले आद्याक्षर लिहिले आणि खुर्ची ओढून ‘मात्रा’ची पहिली ओळ उघडली.