सहाशे एकावी लाइन

आठवी घंटा संपली तसा ऑपरेटरबाईंनी फोन ठेवला आणि यादीच्या शेवटच्या ओळीपुढे, पहिल्या रकान्यात लिहिलं, 'उचलला नाही'.

नियमच तसा होता. सगळी सरकारी कार्यालयं महिनाअखेरीला जुन्या टेलिफोन कंपनीकडून नव्या कंपनीकडे जाणार होती आणि नव्या करारात लाइनी होत्या सहाशे. प्रत्येक नंबर तीनदा लावायचा, दर वेळी आठ घंटा थांबायचं. तिन्ही वेळा कुणी उचलला नाही तर लाइन मेली असं समजून खोडायची. बाईंनी दोन महिने खपून बंद गोदामांच्या, कुलूपबंद खोल्यांच्या लाइनी हुडकून खोडल्या होत्या. तरी एक जादा उरलीच.

"कोणती काढायची ते तुम्हीच बघा," साहेब सकाळी म्हणाले होते. "नाहीच सापडली तर तुमच्या टेबलाची आहे. फोन जोडून द्यायला आता यंत्र येतंयच. चारला मला सही करायचीय."

चहा सांगावा तितक्या सहज बोलले ते. टेबल गेलं की बाईही गेल्या, हे कुणी फोड करून सांगायला नको होतं. पंचेचाळिशीतल्या ऑपरेटरला दारात कोण उभं करतं?

शेवटची ओळ तलावावरच्या चौकीची होती. तिथे मास्तर असत. वीस वर्षांपूर्वी बाईंना एक तार दुसरीपासून ओळखता येत नव्हती, तेव्हा मास्तरांनीच त्यांना हाताला धरून काम शिकवलं होतं आणि त्यांच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या. पुढे खांबावरून पडून त्यांचा पाय अधू झाला. नोकरीची उरलेली वर्षं काढायला त्यांना तलावावर पाठवलं, राहायला चौकीचीच खोली दिली. लाइन गेली की चौकी बंद, चौकी बंद झाली की खोली खाली करायची. बाईंना हे ठाऊक होतं. आणखीही एक ठाऊक होतं. मास्तर दिवसभर बाहेर पाणी मोजायच्या पट्टीजवळ बसत आणि तिथून लंगडत फोनपाशी यायला त्यांना बारा घंटा लागत. रोज अकराला पाण्याची पातळी विचारताना बाई त्या बाराही घंटा निमूट ऐकत.

साडेतीनला त्यांनी दुसऱ्यांदा नंबर लावला. आठ घंटा झाल्या, फोन ठेवला, लिहिलं. खोटं थोडंच लिहीत होत्या त्या! आणि नियम काही त्यांनी केला नव्हता.

पावणेचारला तिसऱ्यांदा लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला.

"पोरी, तूच ना गं?"

बाईंनी तिसऱ्या रकान्यावर टेकवलेलं पेन उचललं.

"दोनदा येईयेईपर्यंत बंद झाला बघ. म्हटलं, तूच असणार. मला दुसरं कोण करतंय?"

"हो मास्तर. लाइन तपासत होते."

"चालू आहे ना?"

"आहे."

"त्या यादीचं काय झालं? इथे येणारे-जाणारे कायबाय बोलतात. मी म्हटलं, यादी आमच्या पोरीच्या हातात आहे, मला कसला घोर?"

बाईंना स्वतःची शिसारी आली. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. आतल्या खोलीत साहेबांची खुर्ची सरकली.

"पाणी किती आहे, मास्तर?" काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"सकाळी सांगितलं की! माझ्याआधी तूच म्हातारी झालीस." मास्तर खळखळून हसले. "बरं, ऐक. खाट ओढून फोनजवळ आणलीय. कामाच्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे. आता कधीही कर, लगेच उचलतो."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन मानेत धरला, कागद हलू नये म्हणून डाव्या हाताने दाबला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'उचलला नाही'.