पुसून पुसून झिजलेलं भिंग

मी भिंग बोलतोय. पेपर वाचायला हातात धरतात ते दांड्याचं मोठं भिंग नव्हे हो. मी घड्याळजींचं भिंग. पेल्याच्या आकाराचा काळा, बोटभर देह आणि तळाशी एक काच, एवढाच माझा संसार. भुवई आणि गाल यांच्यात मला धरतात, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे. शाळेत काही मी गेलो नाही. अक्षरं वाचता येत नाहीत, मोठी करून दाखवता येतात. तेवढ्यावर आजवर निभावलं.

जन्माचं म्हणाल तर फारसं आठवत नाही. काच घासताना गुदगुल्या झाल्या होत्या, एवढंच. आमच्या घड्याळजींच्या उस्तादांनी मला विकत घेतलं. शागिर्दानं पहिलं घड्याळ एकट्यानं चालू केलं, त्या दिवशी उस्तादांनी मला आपल्या डोळ्यावरून काढून त्याच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून मी घड्याळजींच्या उजव्या डोळ्याचा शेजारी.

दुकान जिन्याखालचं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. पुढे काचेचं कपाट, तिथे काकू बसतात, म्हणजे घड्याळजींची बायको. मागे टेबल, चिमटे, आणि बगळ्यासारखी मान वाकवलेला दिवा.

या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या अंगाला सुईनं बारीक खूण करायची, खाली तारीख टाकायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या घड्याळजीला दिसते. आमच्या घड्याळजींची खूण म्हणजे चिमणीचा पाय, तीन रेघा. दुसऱ्या कुणाची खूण दिसली की आधी त्याचं काम तपासायचं आणि मग नावं ठेवायची. "या गाढवाला स्क्रू फिरवायला कुणी शिकवलं रे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

घड्याळजींना दमा. एका वर्षी फारच जोर केला, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी दिली. म्हणाले, पंधरा दिवस घ्या आणि परत दाखवा. गोळीनं जादू केली. पंधरा दिवस झाले, परत दाखवायचं तेवढं राहिलं. ते अकरा वर्षं राहिलं. धाप लागली की गोळी, लागेल असं वाटलं तरी गोळी.

आणि मग एक दिवस घड्याळजी म्हणाले, "भिंग धुरकट झालंय."

त्यांनी मला सदऱ्याच्या टोकानं पुसलं. मग मऊ फडक्यानं. मग स्पिरिटनं आंघोळ घातली. दिवसातून वीस वेळा पुसायला लागले. एवढी सेवा देवाचीही होत नसेल! पण आत डोकावले की पुन्हा तेच, "छे, धुकंच आहे."

मग दिव्यावर आळ आला. बल्ब बदलला, तर म्हणे आणखीच वाईट, नुसता उजेड पसरतो. एक दिवस काकूंनी मागे वळून पाहिलं, तर घड्याळजी दिवा बंद करून काम करत होते.

"अहो, अंधारात काय शोधताय?"

"अंधारात बरं दिसतं."

"घुबड झालात की काय?"

हसण्यावारी गेलं ते. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. माणसाला अजून साठी लागली नाही आणि उजेड सोसत नाही?

त्याच सुमाराला काकूंच्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलं. नखाएवढं, लग्नातलं. आतले स्क्रू म्हणजे जणू खसखस. घड्याळजी तीन दिवस त्याला भिडले होते. पेचकस घसरायचा, स्क्रू उडायचा, मग दोघं नवराबायको लोहचुंबक घेऊन फरशीवर. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"बायकोचं घड्याळ जमत नसेल तर लोकांची कशाला घ्यायची? महिनाअखेर शटर ओढतो."

चाळीस वर्षांचं दुकान. घड्याळजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या भिंगानंच घात केला." मला खणात टाकलं, जुन्या पट्ट्यांच्या गर्दीत. दुसऱ्या दिवशी नवं भिंग आलं. चकचकीत, गर्विष्ठ. तासाभरात त्याच्याबद्दलही तेच ऐकलं, "धुरकट! हल्ली मालच असा येतो." खरं सांगतो, खणात बसून मी थोडासा हसलो. म्हाताऱ्याला एवढी मुभा असावी.

काकूंनी मात्र खण उघडला. मला आपल्या डोळ्याला लावलं आणि स्वतःच्या घड्याळाचं झाकण समोर धरलं.

"अहो, चिमणीचा पाय लख्ख दिसतोय. तारीखसुद्धा."

"दिसतेय?"

"ज्वारीच्या दाण्याएवढी दिसतेय! भिंग चांगलं आहे. आता पुसायचं काय राहिलं, ते तुम्हीच सांगा."

घड्याळजींनी दिवा मालवला आणि चपला शोधायला लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले, तरी हट्ट सुटला नव्हता. मला खिशात घेऊन गेले आणि म्हणाले, "बाई, आधी याला तपासा." बाई हसल्या. डोळे तपासले, आतला दाब मोजला, मग विचारलं, "कुठली गोळी चालू आहे का?" घड्याळजींनी पाकीट काढलं. कडेला कापलेलं, अक्षरं मुंगीएवढी. बाईंनी मलाच डोळ्याला लावलं. ते नाव मी मोठं करून दाखवलं, आणि त्यांची भुवई माझ्यावर आवळली गेली.

"ही स्टिरॉइडची गोळी आहे. कोण देतं तुम्हाला?"

"मेडिकलवाला."

"त्याला कोण सांगतं?"

"मी."

"म्हणजे डॉक्टर तुम्हीच! मग माझ्याकडे कशाला आलात?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. मग बाईंनी नीट समजावलं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की मोतीबिंदू लवकर येतो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत तो आलाय, उजव्यात जास्त. बुबुळामागच्या भिंगाच्या पाठीमागच्या बाजूला, बरोबर मधोमध. उजेडात बाहुली लहान होते आणि बघायला नेमकी ती धुरकट जागाच उरते. म्हणून दिव्याखाली दिसत नाही.

"मग आजच गोळी बंद!" घड्याळजी ताठ होऊन म्हणाले.

"अजिबात नाही! एकदम बंद केलीत तर जिवावर बेतेल. छातीच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील."

अकरा वर्षं राहिलेलं दाखवणं असं पार पडलं. श्वासानं ओढायचा पंप मिळाला आणि गोळी पायरीपायरीनं खाली आली.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी विचारलं, "नवं भिंग लांबचं दिसेल असं बसवू, की जवळचं?"

"जवळचं. घड्याळाएवढं जवळ."

"मग लांबचं बघायला चष्मा लागेल."

"चालेल. लांबचं मला बायको सांगते."

मला काही आत घेतलं नाही. मी काकूंच्या पर्समध्ये होतो आणि काकूंची मूठ माझ्याभोवती. अशी घट्ट की माझ्या कडा त्यांच्या तळव्यात उमटल्या. अर्ध्या तासानं घड्याळजी बाहेर आले, डोळ्यावर झाकण आणि तोंडाचा पट्टा चालू. "अगं, अडीच मिलिमीटरची फट! तिच्यातून भिंग घडी करून आत घातलं आणि ते आत आपोआप उलगडलं! चाळीस वर्षांत अशी फिटिंग पाहिली नाही. बाईंना म्हटलं, आत खूण केलीत का तुमची?"

महिनाभर थेंब घातले. डाव्या डोळ्याचंही मधल्या काळात उरकलं. मग परवानगी मिळाली आणि मी माझ्या जागेवर परतलो. माझ्यासमोर, घड्याळजींच्या डोळ्यात, आता माझा धाकटा भाऊ होता, कोरा करकरीत. एकमेकांना रामराम झाला.

पहिलंच घड्याळ उघडलं, एका शिक्षिकेचं, आणि घड्याळजी कडाडले, "कुठल्या गाढवानं हात घातला होता यात? स्क्रूच्या डोक्यावर ओरखडेच ओरखडे!" रागानं झाकण उलटं केलं. आत चिमणीचा पाय. तारीख गेल्या वर्षीची.

काकू पुढून म्हणाल्या, "कोण हो ते गाढव?"

"घरचंच आहे," घड्याळजी म्हणाले, आणि दोघं इतकं हसले की दमा आठवावा.

पण ते हसण्यावर सोडणाऱ्यातले नव्हेत. गेल्या दीड वर्षात जी जी घड्याळं उघडली, ती त्यांनी माणसं गाठून परत मागवली. "माझ्या डोळ्याचा दोष होता, काम पुन्हा करून देतो." काकूंचं घड्याळ रांगेत सगळ्यात शेवटी. परवा त्याचा नंबर लागला. खसखशीएवढा स्क्रू पहिल्याच दमात बसला. टिकटिक माझ्या काचेपर्यंत आली. जुन्या पायाशेजारी घड्याळजींनी नवा चिमणीचा पाय काढला. काकूंनी घड्याळ मनगटावर बांधलं, कानाला लावलं आणि म्हणाल्या, "शटरला तेल घाला. उघडताना कुरकुरतं."

मी आता म्हातारा झालोय. पुसून पुसून अंगावर बारीक रेघा आल्यात, आणि त्या आता घड्याळजींना स्पष्ट दिसतात. "तुला उगाच छळलं रे," म्हणतात. मला राग नाही. तुम्हाला मात्र एक विनवणी. चष्मा धुरकट वाटला तर पुसा. पुन्हा वाटला तर पुन्हा पुसा. तिसऱ्यांदा मात्र आमच्या काचेचा पिच्छा सोडा, आपल्या गोळ्यांचं पाकीट खिशात घाला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची पायरी चढा. आणि पंधरा दिवसांनी परत दाखवा म्हणाले, तर सोळाव्या दिवशी दारात उभे राहा.

येतो. दिवा लागला, घड्याळजी बोलावतायत.