शेवटच्या कडव्याला

मी एक चिठ्ठी बोलतेय. बहारीनमधल्या तुबली गावच्या गॅरेजचं बिल होते मी. पुढच्या अंगाला ब्रेकचं काम, मागच्या अंगाला गाणं.

गाणं स्कॉटलंडचं. त्या लोकांची रीतच अशी, की खाणंपिणं आटोपलं की गोल करून हात धरायचे आणि गाऊनच घरी जायचं. तिथल्याच सनद गावात एका स्कॉटिश साहेबाची साठी होती. मॅडमने फर्मान काढलं, स्वयंपाकीणबाईनेसुद्धा गायचं! स्वयंपाकीण म्हणजे देवरुखच्या काशीबाई, शाळा चौथीपर्यंत. म्हणून साहेबाचा ड्रायव्हर, कोकणातल्याच हुसेनने ते माझ्या पाठीवर मराठी अक्षरांत उतरवलं.

"अर्थ काय ओ ह्याचा, हुसेनभाऊ?"

"जुन्या माणसांना विसरू नये, काशीबाय."

"हो का? मग साहेब माझी रजा बरी विसरतो मेला!"

काशीबाईंची लेक पूर्णिमा गावाकडे, पहिलटकरीण, आठवा सरत आलेला. रजा तीनदा मागून झाली होती. साहेब अरबी एकच शब्द शिकलेला, इंशाल्ला. तिन्ही वेळा तोच मिळाला. हुसेन चिडायचा, "अल्लाचं नाव घेऊन टोलवतो!"

शुक्रवारी दुपारी गोल धरला. साहेब त्यांच्या पुरुषांच्या चौकड्यांच्या घागऱ्यात. पाहुण्यांनी पहिल्याच ओळीला हात आडवेतिडवे गुंफले, तशी मॅडम खेकसली, "आत्ता नाही! शेवटच्या कडव्याला!" आणि गाणं? पहिली ओळ सगळ्यांची पाठ, पुढे नुसतं ला-ला-ला. अख्खं म्हटलं ते काशीबाईंनी, मला केकला टेकवून, वाचून. साहेबाला रडू आलं. रडायला काय जातं?

शेवटचं कडवं झालं. सगळ्यांनी हात सोडले. काशीबाईंनी साहेबाचा सोडला नाही.

"साब, मेरा छुट्टी?"

"इंशाल्ला, काशी."

"इंशाल्ला मफी! नाय चलेगा. तारीख बोलो."

चाळीस पाहुणे माना वळवून बघायला लागले. हुसेन मागून पुटपुटला, "हात सोड गे बाय, नोकरी जाईल."

"जाऊंदे. पोर माझी बाळंत व्हायचीय, तुझ्या साहेबाची नाय."

साहेबाने बायकोकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं. मग मोकळ्या हाताने पेन मागितलं आणि गाण्याखाली माझ्यावर लिहिलं, बारा मार्च. खाली सही.

आता मी काशीबाईंच्या पर्समध्ये आहे, विमानाच्या तिकिटाला चिकटून. घामाने गाणं अर्धं पुसलंय, तारीख शाबूत आहे.

तेवढं एक ऐका माझं. कुणाला विसरायचं नसेल, तर गात बसू नका. लिहून द्या.