हजर

"जिवंत आहे एवढं सांगायला जायचं, तर टाय कशाला?" मुलगी दारातून म्हणाली. "बाबा, आटपा ना. माझी अर्धी रजा वाया जाईल."

"मेल्यासारखा गेलो तर पटेल का त्यांना?" बाबांनी गाठ सारखी केली.

उमेदीची वर्षं त्यांनी दोन परक्या देशांच्या बंदरांवर क्रेन चालवली होती. दोन्हीकडचं निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून दरवर्षी दोन्ही वकिलातींत तोंड दाखवावं लागे. पहिलीतला म्हातारा कारकून चष्म्यावरून बघे, "आहात ना? मग झालं!" म्हणून शिक्का मारी आणि गुडघेदुखीवर गप्पा छाटत बसे. दुसरीत सगळा काचेचा कारभार. बोटांचे ठसे, डोळ्यांचा फोटो आणि शेवटी मायक्रोफोनमध्ये ‘हजर’ म्हणायचं. तो आवाज ते साठवून ठेवत.

"चला ना, बाबा!" त्या दिवशीही बाबा मायक्रोफोनपाशी असतानाच ती दाराकडे निघाली होती. लहानपणापासून असंच. ती पुढे, ते मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा निवला, तरी बाबा उठले नाहीत.

पंधरवड्यानं ती मृत्यूचा दाखला घेऊन निघाली. पहिल्या वकिलातीतला कारकून उभाच राहिला. शिक्का हातात तसाच. "आता गुडघ्याचं कुणाला सांगू?" म्हणाला.

दुसरीकडे हॉलमध्ये ती एकटीच होती.

"संबंधित व्यक्ती आली आहे?" काचेमागच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"ते वारले. हा दाखला."

"कागद ठीक आहे. पण आमच्याकडे ते हजर आहेत. आवाज ओळखा." त्यानं बटण दाबलं.

वरच्या स्पीकरमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. "हजर." मग खुर्ची सरकली. "आलो गं. तू हो पुढे, मी आहेच मागे."

तिनं गर्रकन वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रवेशाचं काचेचं दार मात्र हळूहळू मिटत होतं, नुकतंच कुणी आत आल्यासारखं.

"त्यांचाच ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"नोंद बंद करायला नातलगाचा आवाज लागतो. ‘हजर नाहीत’ म्हणा. नाहीतर पुढच्या वर्षी त्यांनाच बोलावणं जाईल."

मायक्रोफोनवर लाल दिवा लागला. मागे दार टेकल्याचा बारीक आवाज झाला. या वेळी तिनं वळून पाहिलं नाही. ती पुढे वाकली.

"सावकाश या, बाबा," ती म्हणाली. "मी थांबलेय."