उलट्या आट्यांचं चाक

गिरणेच्या पाटावरचं ते बिडाचं दार गोऱ्या साहेबांच्या काळातलं. ते वर-खाली करायचं चाक तेवीस वर्षं एकट्या गिरधरनानांच्या हातानं फिरत होतं. आधी नाना दाराजवळच्या देवीला नारळ फोडायचे, आणि चाक फिरेपर्यंत सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं, असा रिवाज. साहेब बदलत गेले, रिवाज राहिला. पाडला होता तो नानांनीच.

खरी गोष्ट एवढीच, की चाकाच्या दांड्याचे आटे उलटे होते. डावीकडे फिरवलं की दार वर येई. हे दुसऱ्याला कळलं तर आपली गरज संपेल, या भीतीनं तरुणपणी नानांनी देवी आडवी घातली. एकदा दोघा गड्यांनी चोरून उजवीकडे जोर लावला, तर दार रुतून बसलं. नानांनी नारळ फोडून ते सोडवलं. त्यानंतर कुणी चाकाला शिवलं नाही.

सन बावन्नच्या थंडीत चोपड्याहून तिसरा निरोप आला. आईवेगळ्या गिरधरला जिनं वाढवलं ती बेबाअक्का अंथरुणाला खिळली होती. "गिरधरला एकदा दाखवा," एवढंच म्हणत होती. पण गहू ओंबीवर आलेला, एक दिवसाआड पाणी सोडायचं, आणि रजा मिळेना. "तुम्ही गेल्यावर दार कोण उघडेल?" साहेब विचारी. त्याचं काय चुकलं?

शेवटी नानांनी बागायतदारांचा पुढारी भाईदास याला चाकापाशी नेलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मान वर होईना. दुपारच्या मोटारीनं निघायचं म्हणून झोळी भरून बांधावर ठेवलेलीच होती.

"आज नारळ नई. पाठ करू नको. डावीकडे फिरव."

"नाना, थट्टा नका करू."

"फिरव म्हणतो ना."

भाईदासनं जोडे काढले, हात जोडले, चाक फिरवलं. दार करकरत वीतभर वर आलं, पाणी धावलं. नानांचा जीव हलका झाला.

"देखं ना? आते मी जास."

भाईदास घाम पुसत हसला. "कोठे जातस नाना? तुम्ही बाजूले उभा व्हतात म्हणून उघडनं. देवी तुमना हातमा शे, आमना नई. अन हाई आट्यांनं बोलणं गावमा काढू नका. लोक म्हनतीन, म्हातारा काम टाकीसन पळाले देखस."

त्यानं उपरण्याच्या गाठीतून नारळ काढला, नानांच्या हाती दिला. "उरलेलं दार तुम्ही उचला."

सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. नानांनी झोळीकडे पाहिलं. काही बोलावं म्हणून ते वळले, पण भाईदास रिवाजाप्रमाणे पाठ करून उभा होता.