सासऱ्यांसमोरचा घुंघट

त्रेसष्ट-चौसष्टची गोष्ट असेल. शहाद्याचे कापसाचे व्यापारी उमेदमल शेठ यकृताच्या जुन्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. सुरतेच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "या गोळ्यांनी डोळ्यांत मोतीबिंदू उतरू शकतो. धूसर दिसायला लागलं की कळवा, गोळ्या कमी कराव्या लागतील."

डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि शेठ पुन्हा ओसरीवर येऊन बसू लागले. "झालात माझ्यावर ओरडायला मोकळे!" असं दाखूबाई नवऱ्याला म्हणायच्या खऱ्या, पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

सून तीजाबाई रोज दूध आणि गोळी नेऊन देई. त्या काळच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांसमोर तिचा घुंघट हनुवटीपर्यंत असे आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. चुकून पदर घसरलाच, तर शेठ खाकरून तोंड फिरवत.

त्या सकाळी तिचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि उंबऱ्यातच पदर खांद्यावर आला. लख्ख उन्हात ती उघड्या तोंडाने समोर उभी राहिली. शेठ खाकरले नाहीत. ते सरळ तिच्याकडे बघत राहिले. ती जागीच थिजली. बांगड्यांचा आवाज थांबला.

"कळलं ना, बेटा?" इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. "सासूला सांगू नकोस. गोळ्या कमी झाल्या तर मी पुन्हा उठायचा नाही."

आतून दाखूबाईंनी सुनेला हाक मारून विचारलं, "बींदणी, घेतली का गं गोळी त्यांनी?"

तीजाबाईने गोळी त्यांच्या चाचपडणाऱ्या तळहातावर ठेवली. मग घुंघट हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "हो."