गुंजी नायगावची, गोठा चाकूरचा

मी गुंजी बोलतेय. जातीनं लाल कंधारी गाय. अंगाचा रंग गुंजेसारखा लालभडक, आणि डोळ्यांभोवती जन्मतःच काजळ. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये हे मला कळतं, पण सध्या ज्या गोठ्यात मी राहते तिथं ते दुसरं कुणी करत नाही, म्हणून सांगावं लागतं.

माझा जन्म नायगावजवळच्या एका वाडीतला, रामलिंगबाबांच्या गोठ्यातला. त्यांची लेक शिल्पा तेव्हा कॉलेजात होती. घरी आली की आधी माझ्याकडं यायची आणि गळ्याखाली खाजवत सगळं सांगायची. एकदा म्हणाली, "गुंजे, इंग्रजीचा पेपर लई बेकार गेला. बाबाला सांगू नको." मी नाही सांगितलं.

मला शिकवलं तेही तिनंच. उभं राहायचं असेल तर "थांब बाई, थांब." चालायचं असेल तर "होऽ होऽ." इतकी साधी भाषा होती आमची.

मग शिल्पाचं लग्न झालं. नवरा आदिनाथ, चाकूरजवळच्या गावचा, जळकोटच्या शाळेत मास्तर. पुढं दीड वर्षानं रामलिंगबाबांचा गुडघा गेला, धारेला बसणं होईना. मला परक्याच्या दावणीला बांधायचं त्यांच्या जिवावर आलं. "लेकीच्याच घरी जाऊ दे," म्हणाले आणि मला वासरासकट टेम्पोत चढवलं. अहमदपूरपर्यंत मी रागात होते. पुढं डोळा लागला.

उतरले तर समोर शिल्पाचे सासरे, दगडोबा. माझ्याभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "रंग बरा हाय. पण देवणी ती देवणी."

देवणी जातीच्या गाई तिथं दोन होत्या. पांढऱ्या चादरीवर शाई सांडावी तशा. दोघी सोयाबीनचं भुसकट मन लावून खात होत्या. मला सवय सरकीच्या पेंडीची. मी भुसकटाचा वास घेतला आणि उपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी खाल्लं. मान एका रात्रीपुरताच टिकतो, हे मला तेव्हा समजलं.

माझं राहू द्या, शिल्पाचं सांगते. घरभर बडबडणारी ती पोरगी इथं मुकी झाली होती. गोठ्याची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळं कारण मला आठ दिवसांत कळलं.

सासूनं, तुळजाबाईंनी, हाक मारली की शिल्पा म्हणायची, "येऊन राहिले, आत्या."

"राहायलाच आणलंय तुला. आता बाहेर ये," असं तुळजाबाई म्हणायच्या आणि घर हसायचं. शिल्पानं मुरमुरे म्हटलं की हसू, कारण इथं चुरमुरे. एकदा तिनं आदिनाथला बाजारातून जाम आणायला सांगितले. पठ्ठ्या पाव आणि बाटलीतला जाम घेऊन आला. तिला हवे होते पेरू! "मग पेरू म्हण की," आदिनाथ म्हणाला. तेव्हापासून शिल्पा दोनदा विचार करून एक शब्द बोलायची. कुणी वाईट नव्हतं त्या घरात. त्यांना फक्त हसायची सवय होती आणि तिला रडू गिळायची.

धार तुळजाबाई स्वतः काढायच्या. त्या वेळी सुनेनं चुलीपाशी असायचं, हा त्यांचा नेम. पहिल्या दिवशी वासरू पिऊन झालं, त्यांनी बादली ठेवली, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि प्रेमानं म्हणाल्या, "होऽ होऽ."

मी चालू लागले.

"अगं होऽ होऽ!" त्या ओरडल्या. मी वेग वाढवला. बादली माझ्या पायात, तुळजाबाई शेणात. मला वाटलं, काय घाईची बाई आहे! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी दावं तोडून पार हौदापर्यंत गेले, तर पाठीत काठी बसली. सांगितलेलं ऐकल्याबद्दल मार खाण्याची ती माझी पहिली वेळ.

दगडोबा म्हणाले, "मस्तवाल हाय. हिला येत्या बाजारी हाळीला विकायला नेऊ."

त्या संध्याकाळी शिल्पा वैरण घेऊन आली. मागं तुळजाबाई उभ्या होत्या. शिल्पा मला म्हणाली, "काय करायलीस गं? खा की." शब्द चाकूरचे! आवाज तिचा आणि शब्द दुसऱ्याचे. मी तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले.

बाजाराची सकाळ उजाडली. दारात टेम्पो. दगडोबा पुढून कासरा ओढतायत, तुळजाबाई मागून ढकलतायत, मी चारही पाय रोवून उभी. दगडोबांनी काठी उचलली, तशी स्वयंपाकघरातून शिल्पा आली. हाताला पीठ, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं.

"मामा, काहून मारून राहिले तिला?"

'काहून' ऐकलं आणि माझे कान ताठ झाले. कितीतरी दिवसांनी घरचा शब्द!

"आत्या, तुमचं 'हो हो' म्हणजे थांब, आमच्याकडं 'हो हो' म्हणजे चाल! तुम्ही म्हणून राहिल्या, ती चालून राहिली. तिचं काय चुकलं? मला पहिल्या दिवशीच समजलं होतं. पण मी तोंड उघडलं की तुम्हाला हसू येते, म्हणून गप बसले. माझ्या गप बसण्यानं मुकं जनावर बाजारात चाललं!"

आदिनाथ दात घासत होता. ब्रश तोंडातच राहिला. टेम्पोवाल्यानं गाडी बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून.

तुळजाबाईंनी सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आत जाऊन बादली आणली आणि शिल्पाच्या हातात दिली. "बस. दाखव."

शिल्पा बसली. "थांब बाई, थांब," म्हणाली. मी अशी थांबले की शेपूटसुद्धा हलवली नाही. बादली काठोकाठ भरली असं म्हणणार नाही. आम्ही कंधारी दुधाचा बडेजाव करत नाही. पण तळ दिसत नव्हता.

"म्हंजे गाय शहाणी हाय," दगडोबा कासरा सोडत म्हणाले.

"हाव," शिल्पानं आमच्याकडचा होकार दिला. कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी तुळजाबाई एकट्याच आल्या. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच माझ्या कानात म्हणाल्या, "थांब बाई, थांब." चोराला धरल्यासारखा सूर होता, पण शब्द बरोबर होते. मी थांबले. तेवढ्यात कुडापलीकडून शेजारच्या सरजाबाईनं विचारलं, "तुळजाबाई, कुणाला थांबवायलीस?"

"गाईला. सुनेची बोली शिकायलेय. तुला यायचं का शिकायला?" सरजाबाई आत गेली.

आता घरात शिल्पाचा आवाज इतका असतो की दगडोबा रेडिओ घेऊन गोठ्यात येऊन बसतात. तीही सासूच्या 'करायलेय'ला खुशाल हसते, आणि तुळजाबाई तिला लाटणं दाखवतात.

गेल्या महिन्यात मला कालवड झाली. बाप गावातला देवणी वळू. अंग माझं, लाल. पण कपाळावर आणि पोटाखाली काळेपांढरे ठिपके. रामलिंगबाबा काठी टेकत बघायला आले. "कंधारीच आहे, रंग बघा," ते म्हणाले. "ठिपके दिसंनात का? देवणी हाय," दगडोबा म्हणाले. दोन्ही व्याही दोन बाजूंना बसून तिला आपापल्या गावच्या हाका मारत राहिले. कालवड उठली, दोघांच्या मधून गेली आणि तुळजाबाईंचा पदर चघळू लागली.

तुमच्या घरी कुणी नवं आलं, दोन पायांचं असो की चार पायांचं, तर ते काय म्हणतंय ते हसण्याआधी एकदा ऐका. एवढंच मागणं आहे. आता उठते, कुणीतरी हाक मारतंय. ती कुठल्या गावची ते मी हल्ली बघत नाही. पाटीत पेंड आहे का, तेवढं बघते.